हिरव्या ग्लासातलं विवळवेढे

सोमवारची सकाळ. अलार्म तिसऱ्यांदा बंद केलेला, लॅपटॉपची बॅग खांद्यावर, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात... स्टीलच्या बाटलीत हिरवंगार काहीतरी! आमच्या ऑफिसात सध्या निम्म्या डेस्कांवर ही बाटली दिसते. 'हेल्दी' असणं म्हणजे हिरवं पिणं, एवढा साधा फंडा. माझीही होती. पण ती खऱ्या अर्थाने हेल्दी कशी करायची हे मला कुठल्या जिममध्ये नाही, तर मुंबई-अहमदाबाद हायवेवरच्या विवळवेढ्यात कळलं. त्याआधी घसा खाजवून घ्यावा लागला, ती गोष्ट वेगळी. म्हणजे, तीच गोष्ट सांगतेय!

झालं असं की ऑफिसच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीए1सी 5.9 आलं. वय एकोणतीस. 5.7 ते 6.4 म्हणजे प्री-डायबिटीस, हे मी रिपोर्ट हातात घेऊन लिफ्टमध्येच गूगल केलं. बाबांना गेली पंधरा वर्षं डायबिटीस आहे. त्यांचे सुई टोचून काळे पडलेले बोटांचे शेंडे डोळ्यांसमोर आले आणि मी त्याच संध्याकाळी मिक्सर विकत घेतला.

पहिली ट्रिप : जून

जूनचा दुसरा शनिवार. पहिला पाऊस पडून गेलेला. आम्ही चौघं मित्रमैत्रिणी सकाळी साडेपाचला अंधेरीहून निघालो. घोडबंदरचा ट्रॅफिक लागायच्या आत वसई, मग मनोर, मग चारोटी. चारोटी ओलांडलं की समोर डोंगरांच्या रांगेतून एक सुळका एकदम वर येतो. तोच महालक्ष्मीचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी, हायवेला लागूनच, विवळवेढ्याचं महालक्ष्मी मंदिर.

देवीचं मूळ ठाणं वर डोंगरावर. आख्यायिका अशी सांगतात की एक गरोदर भक्तीण दर्शनाला डोंगर चढताना मध्येच थकून कोसळली. देवीला दया आली आणि ती भक्तांसाठी पायथ्याशी उतरून आली. देवी भक्ताच्या सोयीसाठी पत्ता बदलते, ही कल्पनाच मला फार आवडली! चैत्र पौर्णिमेपासून इथे पंधरा दिवस मोठी यात्रा भरते. त्या वेळी आदिवासी पुजारी मध्यरात्री निशाण घेऊन डोंगर चढतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी, शिवाय गुजरातकडचे भाविक, सगळे येतात.

दर्शन झालं, गरम वडापाव झाला. परतताना हायवेच्या कडेला एक आजी बसलेल्या. समोर पळसाच्या पानांवर भाज्यांच्या जुड्या. एक तर अशी की मी आयुष्यात पाहिली नव्हती. जाडसर, तपकिरी-जांभळट, मिटलेल्या कळीसारखी.

"आजी, ही काय?"

"शेवळी. पावसाची भाजी."

जुडीबरोबर त्यांनी मूठभर छोटी हिरवी फळंही हातावर ठेवली. "काकडं घाल गं बाय यात." मी मान डोलावली. काकडं म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण विचारायला गाडीतून हॉर्न वाजत होता.

मग मी काय केलं...

रविवारी सकाळी मी माझ्या नव्या मिक्सरमध्ये टाकलं : दोन चिकू (घोलवडचे, खास हायवेवरून आणलेले), एक केळं, चार खजूर, दोन चमचे मध, मूठभर पालक आणि 'लोकल, ऑरगॅनिक, सुपरफूड' म्हणून एक कच्चं शेवळं! फोटो काढला, अपलोड केला, मोठा घोट घेतला.

पाचव्या सेकंदाला जीभ, दहाव्या सेकंदाला घसा. बारीक सुया टोचाव्यात तशी खाज. आई धावत आली, ग्लास पाहिला, पिशवीतल्या शेवळी पाहिल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. ताक, गूळ, पुन्हा ताक... दोन तासांनी घसा ताळ्यावर आला. लाइक्स तोपर्यंत चाळीस झाले होते.

कारण साधं आहे. शेवळी सुरणाच्या खानदानातली. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणूनच ती चांगली शिजवायची आणि त्यात काकडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंच घालायची. आजींनी काकडं उगाच दिली नव्हती. ती रेसिपी होती. मी ती फ्रूट बास्केटमध्ये शोभेला ठेवली!

आणि दुसरा धक्का डाएटिशियनकडे बसला. तिने माझी रेसिपी ऐकली आणि कॅल्क्युलेटर काढला. 100 ग्रॅम चिकूत साधारण 20 ग्रॅम कार्बोहायड्रेट. म्हणजे दोन चिकू, केळं, खजूर आणि मध, वर मूठभर पालक... "ही स्मूदी नाही, ही हिरवा रंग दिलेली मिठाई आहे," ती म्हणाली. शुगर कमी करायला म्हणून मी रोज सकाळी शुगरच पीत होते!

चिकूचा दोष नाही

बिचाऱ्या चिकूला व्हिलन करू नका. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड. याच्याच चिकापासून तिकडे मूळचं च्युइंग गम बनायचं. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या समुद्रकाठच्या हवेत ते असं रुजलं की 2016 मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं. 100 ग्रॅममागे त्यात 5 ग्रॅमच्या आसपास फायबरही असतं. प्रश्न चिकूचा नाही, दोन चिकूंचा आहे. अख्खा चिकू चावून खायला पाच मिनिटं लागतात आणि पोटाला कळतं की आपण काही खाल्लं. तोच मिक्सरमधून पाच घोटांत जातो, मग पोट म्हणतं, आणखी काय आहे?

ग्रीन स्मूदीची लाट आली तीच मुळात पानांच्या ओढीने. रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिक्टोरिया बुटेन्को यांनी 2005 च्या आपल्या 'ग्रीन फॉर लाइफ' या पुस्तकात चिंपांझींच्या आहाराचा दाखला देत फळांबरोबर भरपूर पानं खायचा आग्रह धरला. आपण मात्र सोयीस्करपणे फळं लक्षात ठेवली आणि पानं विसरलो.

दुसरी ट्रिप : पितृबारस

सप्टेंबरमध्ये पुन्हा गेले, या वेळी आईला घेऊन. भाद्रपद वद्य द्वादशी, म्हणजे पितृपक्षातली बारस. या दिवशी परिसरातले आदिवासी शेतकरी शेतातलं नवं पीक महालक्ष्मीला वाहायला येतात. कोणाच्या टोपलीत भाताच्या लोंब्या, कोणाच्या टोपलीत कोवळ्या हिरव्या काकड्या. नवं पीक आधी देवीला, मग घरच्या ताटात. तोपर्यंत वेलीवर काकडी लटकत असली तरी हात आखडता.

मी विचार करत उभी राहिले. माझ्या फ्रिजमध्ये बारा महिने काकडी असते. ती कुठल्या महिन्यात येते हेच मला माहीत नव्हतं.

जूनमधल्या आजी काही दिसल्या नाहीत. दुसरी एक मावशी भाजी घेऊन बसली होती, तिला मी माझा सगळा पराक्रम सांगितला. ती इतकी हसली की शेजारच्या दोघींना बोलावून पुन्हा सांगायला लावलं!

"काकडं टाकली नाहीस?"

"नाही."

"शिजवलीपण नाहीस?"

"नाही."

"मग शेवळीनं काय करावं बाय!"

मग तिने क्लासच घेतला. टाकळा कोवळा असेल तेव्हाच, आणि शिजवूनच. कुर्डूची कोवळी पानं, तीही परतून. रानातला पाला ओळखल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, आणि ओळखीचा असला तरी कच्चा नाही. "कच्चं खायचं तर काकडी आहे ना," ती म्हणाली आणि एक काकडी आईच्या हातात ठेवली.

आई परतताना गाडीत म्हणाली, "आपण हौसेने आणतो. यांच्याकडे पावसात दुसरं काही नसतं तेव्हा हीच भाजी घर चालवते." तेवढं एक वाक्य. पुढे मनोरपर्यंत कोणी काही बोललं नाही. ज्या भाजीला मी 'सुपरफूड' म्हणून फोटोत बसवलं, ती कोणाचं तरी भुकेच्या महिन्यांतलं जेवण आहे. ती कशी खायची हे पिढ्यान्पिढ्या जपलेलं ज्ञान आहे, आणि मी ते एका हॉर्नसाठी ऐकायचं टाळलं होतं.

आता माझ्या ग्लासात काय असतं?

तर दोस्तहो, ही घ्या सुधारित आवृत्ती. एका माणसासाठी, एक मोठा ग्लास.

*साहित्य* : पालकाची 15-20 पानं, अर्धी काकडी सालासकट, पुदिन्याची 8-10 पानं, आल्याचा छोटा तुकडा, अर्धा पिकलेला चिकू (नाहीतर अर्धा पेरू), अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, अर्धा कप पाणी. मध, साखर, खजूर : शून्य!

*कृती* : पालक दोन-तीन पाण्यांत धुवा. जमलं तर उकळत्या पाण्यात एक मिनिट घालून काढा आणि ते पाणी फेकून द्या, त्याने ऑक्झलेट कमी होतं. काकडीचं टोक आधी चाखून बघा, एक कडू काकडी अख्खा ग्लास बिघडवते. चिकूच्या बिया आठवणीने काढा, त्यांच्या टोकाला आकडा असतो. आधी पानं आणि पाणी फिरवा, मग बाकी सगळं. गाळायचं नाही, गाळलं की फायबर गेलं. लिंबू शेवटी. त्यातलं क जीवनसत्त्व पालकातलं लोह शोषायला मदत करतं. म्हणूनच लगेच वर चहा नको, तासभर थांबा.

रंगाबद्दल आधीच सांगते : हिरवा अधिक चिकूचा तपकिरी म्हणजे मिलिटरी युनिफॉर्म. फोटो चांगला येत नाही. चव मस्त येते!

*जरा जपून* : किडनी स्टोन होऊन गेला असेल तर रोज कच्चा पालक नको. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर पालेभाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि स्मूदी म्हणजे औषध नव्हे. माझ्या डाएटिशियनने ग्लासाबरोबर रोज पाऊण तास चालणं आणि रात्री साडेआठच्या आत जेवण हेही लिहून दिलंय.

*कसं जाल?* मुंबईहून अहमदाबाद हायवेने मनोर, चारोटी आणि पुढे विवळवेढे. लवकर निघालात तर अडीच-तीन तास. ट्रेनने जायचं तर 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. तिथून पुढे एसटी किंवा रिक्षा. रानभाज्यांसाठी जून-जुलै, नव्या पिकासाठी पितृबारस, यात्रेसाठी चैत्र. वेळ असेल तर बोर्डीचा किनारा आहेच.

सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली. 5.6. काठावरून एक पाऊल मागे, एवढंच. बाबांनी रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला, काही न बोलता माझ्या ग्लासातलं थोडं आपल्या वाटीत ओतून घेतलं आणि तोंड वाकडं करत संपवलं.

येत्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. शेवळी घेणार, काकडं घेणार, आणि या वेळी गाडीतून कितीही हॉर्न वाजला तरी कृती पूर्ण ऐकूनच उठणार. मिक्सर घरी. कढई तयार!