जातिवंत म्हणजे काय? बुलढाणा जिल्ह्यांतील एक फेरी

मुंबईहून नागपूरकडे जातांना भुसावळ मागें पडलें, कीं मलकापुरापासून बुलढाणा जिल्हा लागतो. या जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग केले आहेत. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट, काळीभोर, उन्हाळ्यांत हातहात भेगाळणारी जमीन, तो घाटाखालचा मुलूख. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा उंचसखल प्रदेश, तो घाटावरचा. लोणारचें सरोवर, सिंदखेडराजाचें जिजाऊंचें जन्मस्थान, शेगांव हीं स्थळें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील व त्यांचीं वर्णनेंही विपुल आहेत. आम्ही मात्र या खेपेस एक म्हैस पाहावयास निघालों होतों!

म्हैस म्हटली कीं ती काळी, हें आपण गृहीत धरून चालतों. पण नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यांत गोठ्यापुढें ज्या चार म्हशी उभ्या होत्या, त्या जणूं राखेंत लोळून नुकत्याच उठल्या होत्या. हीच पूर्णाथडी. थडी म्हणजे नदीचा कांठ. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या आसपास ती आढळते. रंगावरून तिला भुरी किंवा राखी असेंही म्हणतात. पूर्वीं ती नागपुरी म्हशीचाच पोटभेद समजली जात असे. पुढें कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली व जानेवारी 2023 मध्यें तिचें प्रमाणपत्र दिल्लींत दिलें गेलें. ही बातमी आम्हीं मालकास सांगितली, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “नांव आतां भेटलं जी, म्हैस तं आमच्या आजापासून हाय.”

या उत्तरांत थोडा विनोद आहे आणि पुष्कळसें शास्त्रही आहे. इंग्लंडांत 1822 सालीं शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळीची वही छापून निघाली. तेव्हांपासून ज्या जनावराचे आईबाप वहींत, तें जातिवंत, असा दंडक तिकडे पडला. आमच्याकडे वही नव्हती. येथें जात ठरवीत आली ती नदी, उन्हाळा, कडबा आणि गांवांत कोणता हेला राखावयाचा हा शेतकऱ्याचा निर्णय. डार्विननें 1859 च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ सिंहव्याघ्रांपासून न करतां माणसानें पाळलेल्या प्राण्यांपासून व वनस्पतींपासून केला, तो याच कारणानें. निवडीचें काम तेथें डोळ्यांना दिसतें. जात म्हणजे अमुक रंग किंवा अमुक शिंगें नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या निवड एकाच दिशेनें होत राहिल्यामुळें संतति भरंवशानें आईबापांसारखी निपजते, हा तो भरंवसा होय. (मराठींत मनुष्याच्या जातीसही हाच शब्द आहे, यावरून कित्येक विद्वान नसते सिद्धान्त काढतात. गोठ्यांतली जात माणसानें कामासाठीं घडविलेली असते. तिचा दाखला माणसांच्या उच्चनीचतेस लावणें हा शब्दाचा दुरुपयोग होय.)

निवड थांबली कीं भरंवसा सुटतो. या मालकाच्या गांवांत पूर्णाथडीचा हेला आतां कोणी ठेवीत नाहीं. म्हैस माजावर आली कीं डॉक्टर येतो आणि त्याच्या नळकांड्यांत बहुधा मुऱ्हा जातीचें वीर्य असतें. “मुऱ्हा दूध जास्त देते, पण खातेही तितकीच,” असा त्याचा हिशेब. तरीही चारांपैकीं दोन म्हशी त्यानें मुऱ्ह्यानेंच भरविल्या होत्या. मुलाच्या शिक्षणाचा खर्च दुधावर चालतो, असें तो म्हणाला. त्यास दोष कोण देणार?

जलंबास गाडी बदलून आम्ही खामगांवास आलों. हा आठ मैलांचा फाटा 1870 सालीं केवळ कापसासाठीं घातला गेला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (1861–65) मँचेस्टरचा कापूस तुटला आणि वऱ्हाडांत पैशाचा पूर लोटला, त्या काळांत खामगांवची कापसाची पेठ नांवारूपास आली. त्या वेळीं वऱ्हाडनागपुरांत ‘बणी’ नांवाची लांब, रेशमासारख्या धाग्याची कपाशी होत असे. पण बणीच्या कापसांत रुई जेमतेम चौथा हिस्सा, बाकी सरकी. उलट ‘जरी’ नांवाच्या आखूड, भरड धाग्याच्या जातींत रुई तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक. व्यापारी भाव देतांना दोहोंत फारसा फरक करीना, मग शेतकरी बणी कशाला पेरील? त्यांत वाफेचे जीन आले. पूर्वीं घरच्या बायका रेच्यावर सरकी काढीत, त्यामुळें आपल्या शेताचें बियाणें आपल्याच घरीं राही. जिनांत दहा गांवांची सरकी एक झाली आणि तीच पुन्हा शेतांत गेली. बणी कोणीं मारली नाहीं. ती मिसळून गेली.

आज पऱ्हाटी पूर्वींहून पुष्कळ पिकते, पण ती अमेरिकन कुळांतली व संकरित. 1970 सालीं सुरतेस संकरित कापसाचें पहिलें व्यापारी वाण निघालें, आणि 2002 सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. संकरित झाडाची सरकी पेरली तर पुढचें पीक फुटून निरनिराळें होतें. म्हणून दरसाल पाकीट विकत घ्यावें लागतें. उत्पन्न आहे, पण वर सांगितलेल्या अर्थानें तिला जातच नाहीं.

खामगांवाहून चिखलीकडे जातांना घाट चढावा लागतो. वर हवा निराळी, जमीन हलकी, आणि आमची दृष्टि आतां बैलांकडे लागली होती. वऱ्हाडच्या जुन्या सरकारी ग्रंथांत ‘खामगांवी’ व ‘उमरडा’ अशा दोन जातींची नांवें येतात. उमरडा लहानसर, आटोपशीर. आजच्या नोंदींत महाराष्ट्राचे खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी असे गोवंश आहेत. खामगांवी मात्र नाहीं. रस्त्याकडेच्या एका शेतांत एक म्हातारा डवरा धरून होता. त्याचे बैल पांढुरके, कांटक, चपळ. कोणत्या जातीचे म्हणून विचारतां तो म्हणाला, “जात कायची जी, गावरान हायेत.” आणि पुढल्या वर्षीं तेही विकून भाड्याचा ट्रॅक्टर लावणार असल्याचें त्यानें सांगितलें.

ज्यास नांव नाहीं तें गावरान, असा या शब्दाचा अर्थ होऊन बसला आहे. वास्तविक पलीकडे नांदेडास ‘गावरानी’ हेंच एका नांवाजलेल्या कपाशीचें नांव होतें. चिखलीच्या बाजारांत मात्र तोच शब्द एका पाटीवर ठळक अक्षरांत रंगविलेला होता, आणि खालीं तुपाचा दर साध्या तुपाच्या जवळजवळ दुप्पट लिहिला होता.