सहा चाकांची गाडी आणि शिझुओका

मैत्रिणींनो, जपानला जाऊन आलेली बाई काय काय सांगेल, हे तुम्ही ओळखलंच असेल. फुजीचा डोंगर, चेरीचा बहर, किमोनो! मी मात्र तुम्हांला सांगणार आहे तळहाताएवढ्या एका जुन्या कागदाची गोष्ट.

त्याचं असं झालं. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या मामांनी कॉलेजात असताना जपानहून एक छोटी मोटार आणून दिली होती. सुटे भाग घरी जोडायचे, अशी. शर्यतीची टायरेल पी-३४. पुढे चार चिमुकली चाकं, मागे दोन मोठी! खऱ्या गाडीनं १३ जून १९७६ रोजी स्वीडनची शर्यत जिंकली, तेव्हा जॉडी शेक्टर ती चालवत होता. अण्णांनी मोटार जोडली, निळा रंग दिला. तेवढ्यात नोकरी लागली, पाठोपाठ आत्याचं लग्न निघालं. आकडे आणि नावं चिकटवायची राहिली ती राहिलीच.

निवृत्तीनंतर त्यांनी माळ्यावरून डबा काढला. इतक्या पावसाळ्यांनी चित्रांचा कागद पिवळा पडला होता. पाण्यात टाकताच चित्रांचा पापडासारखा चुरा झाला. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी डबा मिटला. त्यांचं ते न बोलणंच माझ्या मनाला लागलं.

पुढे ह्यांना कामासाठी टोकियोला जायचं निघालं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले आणि एक दिवस मागून घेतला शिझुओकासाठी. वेगवान गाडीनं टोकियोहून एक-दीड तासाची वाट. गाव चहाच्या मळ्यांचं, पण आणखी एका गोष्टीसाठी जगात प्रसिद्ध. तामिया, हासेगावा, आओशिमा या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपन्या याच परिसरातल्या. हे गाव मुळात लाकूडकामाच्या कारागिरांचं. तामियांचीही १९४६ मध्ये लाकडाची गिरणीच होती. मग लाकडी प्रतिकृती आल्या आणि १९६० पासून प्लास्टिकच्या. गावाला त्याचा एवढा अभिमान, की शहरात पोस्टाची एक पेटीसुद्धा सुट्या भागांच्या चौकटीत बसवल्यासारखी उभी केली आहे!

एका गल्लीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. गल्ल्यावर एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांना माझं इंग्रजी कळेना, मला त्यांचं जपानी. शेवटी मोबाइलवर अण्णांच्या डब्याचा फोटो दाखवला. ते हसले, आत गेले आणि दोन कागद घेऊन आले. एक नवा छापलेला, कोरा करकरीत. दुसरा त्या काळचा, पिवळट. मन नव्याकडे धावत होतं, पण अण्णांना हवा होता त्यांचा राहिलेला कागद. मी जुनाच घेतला. तो वहीच्या दोन पुठ्ठ्यांत घालून, उशीजवळ ठेवून घरी आणला म्हणा ना!

ही चित्रं म्हणजे आपल्या आजीच्या शिलाई मशीनवरच्या सोनेरी वेलबुट्टीची भावंडंच. कुणाकडे अशी जुनी ठेव असेल, तर आम्ही काय केलं ते सांगते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, चित्राची बाजू उन्हाकडे धरून खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. पंधरा दिवसांत पिवळेपणा पुष्कळ उतरला. मग नको असलेलं एक चित्र आधी पाण्यात टाकून पाहावं. आम्हांला हवा होता शेक्टरचा ३ आकडा, म्हणून ४ वर प्रयोग केला. तो तडकला. तेव्हा सगळ्या कागदावर पारदर्शक लॅकरचा पातळ फवारा मारला आणि एक दिवस वाळू दिला. त्यानंतर प्रत्येक चित्र कडेनं अगदी जवळून कापावं लागतं, कारण लॅकरचा पापुद्रा सलग झालेला असतो. कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवायचं, ओल्या फडक्यावर मिनिटभर ठेवायचं आणि सरकू लागलं की गाडीवर हळूच ढकलायचं. खालचा रंग चकचकीत हवा. खरखरीत असला, तर चित्राखाली हवा राहून ते पांढरट दिसतं. शेवटी कापसाच्या काडीनं मधून कडेकडे पाणी टिपायचं. बोट लावायचं नाही!

अण्णांचा हात आता थरथरतो. "अगं, तूच लाव," ते म्हणाले. बाकीची सगळी मी लावली, ते भिंग धरून जागा सांगत होते. ३ चा आकडा मात्र मी त्यांच्यापुढे ठेवला. "हा तुमचा," म्हटलं. त्यांनी कोपर टेबलावर टेकलं, श्वास रोखला आणि सरकवला. जरासा तिरका बसला. मी ओल्या ब्रशनं सरळ करायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. माझ्या हातचा आहे."

गाडी आता माळ्यावर नाही, दिवाणखान्यातल्या कपाटात आहे. तुमच्याही माळ्यावर कुणाचं काही अर्धवट राहिलेलं असेल, नाही का? या सुट्टीत एकदा डबा खाली काढून तर पाहा.