एकाच पायातले दोन आजार

आमच्या घराण्यात हातपाय आखडणं नवीन नाही. आजोबांची वळलेली मूठ चटकन उघडायची नाही. वडील भिवंडीत लूमवर कामाला. बसून उठले की पहिली काही पावलं अडखळायचे, मग मोकळे होऊन पाळीभर राबायचे. मलाही लहानपणापासून तेच. कोनहून शेअर रिक्षाने कल्याण स्टेशनला उतरले की जरा थांबायचं, पाय सुटले की जिना चढायचा.

म्हणून डावा पाय ओढायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, "घराण्यातलंच आहे, चालून सुटेल." पहिल्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. पण हा पाय चालून सुटेना. उलट दुर्गाडी पुलापर्यंत जाईस्तोवर जड व्हायचा. एप्रिलच्या उकाड्यात तर उचलवतच नसे. पुढे एका डोळ्याला धुरकट दिसू लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. नजरेची ही तक्रार स्नायूंच्या आखडण्यात बसत नाही, हे न्यूरॉलॉजिस्टनी ओळखलं.

ईएमजी या स्नायूंच्या तपासणीत सुई घातली, तेव्हा यंत्रातून झेपावणाऱ्या विमानासारखा आवाज आला. तो मायोटोनिया. ज्युलियस थॉमसन या डॉक्टरांनी १८७६ साली स्वतःच्याच घराण्यातला हा आजार लिहून ठेवला होता. जनुकातल्या दोषामुळे स्नायूपेशीतली क्लोराइडची वाट नीट चालत नाही आणि आवळलेला स्नायू लगेच सैल पडत नाही. एमआरआयमध्ये मात्र मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग निघाले. तो मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. दोन्ही एकाच माणसात सापडणं फार दुर्मीळ. पण एक आहे म्हणून दुसरा होणार नाही, असं नसतं.

दोघांची मागणी उलटी. मायोटोनियाला थंडी बाधते आणि हालचाल मानवते. एमएसला उष्मा आणि दमणूक सोसत नाही. म्हणून मी सकाळी ऊन चढण्याआधी चालते, अंग मोकळं झालं की थांबते, दुपारी विसावा घेते. अंघोळीचं पाणी कोमटच. कुठल्याही डॉक्टरांकडे गेले तरी दोन्ही आजार आधीच सांगते.

आता पुतण्याचीही मूठ आखडते. त्याच्या आईबाबांना मी बजावून ठेवलंय: हालचालीने सुटलं तर ते आपल्या घरातलं. नाही सुटलं, मुंग्या आल्या, नजर अंधुक झाली, तर घराण्याचं नाव पुढे करून घरी बसू नका. त्याला नव्याने तपासून घ्या.