फायबर उंबऱ्यापर्यंत हवे



आम्ही पडलो रसायनशास्त्राचे. इंटरनेटशी आमचा संबंध बिल भरण्यापुरता. पण मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या आणि वारणाकाठच्या गावी एकट्या राहणाऱ्या आईला पाहायला फोनचा पडदाच काय तो उरला.

इथे ट्रुगानिनात आमच्या घरात थेट फायबर आलेले. तिकडे आई रेंजसाठी गुडघे धरत गच्चीवर चढायची. “जेवलात का?” एवढे विचारून होते न होते, तोच चित्र थिजायचे.

याच वारणा खोऱ्यात १९९८ साली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. ऊस उत्पादकांना माहिती गावातच मिळावी म्हणून. पुढे २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच आजची भारतनेट. पण ग्रामपंचायत ते घर हे अंतर उरतेच, आणि घोडे तिथेच अडते. ऑस्ट्रेलियातही दूरच्या शेतांपर्यंत केबल परवडत नाही. म्हणून २०१५ आणि २०१६ साली खास दोन उपग्रह सोडले गेले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सीमा उघडल्या आणि आम्ही गावी पोचलो. आई आमच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “आज चित्र हलतंय!”

तेव्हा मंडळी, यंदा गावी जाल तेव्हा भेटवस्तूंबरोबर एक काम जरूर न्या: आईवडिलांच्या घरापर्यंत जोडणी मिळते का, याची ग्रामपंचायतीत चौकशी. गच्चीचा जिना त्यांच्या वयाला झेपत नाही.