उकाड्यात लिहिलेली बर्फाची गाणी

चि. मुक्तास,


नुकत्याच पडलेल्या बर्फात आवाज विरून जातो. भुसभुशीत थरात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या ध्वनी शोषून घेतात. अशा बर्फावरून घोड्याची स्लेज येते तेव्हा टापा वाजत नाहीत, आणि चाकं नसल्यामुळे खडखडाटही नसतो. दिसते तेव्हा ती जवळजवळ अंगावर आलेली असते. म्हणून घोड्याच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधायची पद्धत पडली. अमेरिकेत कित्येक ठिकाणी तर ती कायद्यानेच सक्तीची होती. बर्फाच्या गाण्यांत घुंगरांचा एवढा छमछमाट का, याचं उत्तर या रहदारीच्या नियमात सापडतं.

जेम्स पिअरपॉन्टचं ‘जिंगल बेल्स’ १८५७ मध्ये वेगळ्याच नावाने छापलं गेलं. त्यात ख्रिसमसचा उल्लेख नाही. स्लेजच्या शर्यती, शेजारी बसलेली मुलगी आणि बर्फात उलटलेली गाडी, असा सगळा तरुणांचा उंडारपणा आहे. नाताळशी त्याची गाठ पुढे पडली, आणि ती इतकी पक्की बसली की डिसेंबर १९६५ मध्ये ‘जेमिनी ६’ यानातल्या दोन अंतराळवीरांनी माउथ ऑर्गन आणि छोटी घुंगरं घेऊन अवकाशात हीच चाल वाजवली.

विसाव्या शतकातली बरीच लोकप्रिय बर्फगीतं मात्र बर्फापासून दूर बसून लिहिलेली आहेत. ‘विंटर वंडरलँड’ (१९३४) हे रिचर्ड स्मिथचं. तो पेनसिल्व्हेनियातला, क्षयाने आजारी. बर्फात हिंडणाऱ्या जोडप्याचं गाणं त्याने लिहिलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. ‘लेट इट स्नो’ सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी जुलै १९४५ मध्ये, हॉलिवूडच्या भर उन्हाळ्यात रचलं. त्याच महिन्यात त्याच परिसरात बॉब वेल्स उकाड्याने हैराण होऊन वहीत थंडीच्या ओळी खरडत होता. मेल टॉर्मेने त्या पाहिल्या आणि त्यातून ‘द ख्रिसमस साँग’ झालं. अर्व्हिंग बर्लिनच्या ‘व्हाइट ख्रिसमस’चं मूळ सुरुवातीचं कडवं लॉस एंजेलिसच्या उन्हातलं आहे. गाणारा ताडाच्या झाडांखाली उभा राहून उत्तरेच्या बर्फासाठी झुरतो. हे कडवं बहुधा गाळलं जातं, आणि ते गाळलं की गाण्याचं कारणच हरवतं. बिंग क्रॉसबीने ते मे १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. दूरदेशी लढणाऱ्या सैनिकांनी ते उचलून धरलं आणि त्याच्या इतक्या प्रती निघाल्या की मूळ साचा झिजला. १९४७ मध्ये ते पुन्हा ध्वनिमुद्रित करावं लागलं. यातल्या बहुतेक गाण्यांत खरा विषय ऊब हाच आहे. बर्फ खिडकीबाहेर राहतो.

लेरॉय अँडरसनची ‘स्ले राइड’ सुरू झाली १९४६ च्या उन्हाळ्यात, कनेटिकटमधल्या उष्म्याच्या लाटेत. पूर्ण झाली १९४८ मध्ये. मुळात ती नुसती वाद्यवृंदाची रचना. लाकडी पोकळ ठोकळ्यांवर टापा वाजतात, दोन फळ्या एकमेकींवर आपटून चाबूक कडाडतो आणि शेवटी ट्रम्पेटवाला अर्धवट दाबलेल्या झडपेने घोड्याचं खिंकाळणं काढतो. शब्द मिचेल पॅरिशने १९५० मध्ये जोडले. त्यातही नाताळ नाही, वाढदिवसाची पार्टी आहे. रचना झकास, पण निवांत रात्रीसाठी जरा गडबडीचीच. बर्फात गडबडच हवी असेल तर बर्फाच्या उतारावरून घसरणारा ‘जंगली’ चित्रपटातला (१९६१) शम्मी कपूर आहेच.

शांत रात्रीचं संगीत आणखी मागे जाऊन शोधावं लागतं. शुबर्टने १८२७ मध्ये विल्हेल्म म्युलरच्या चोवीस कवितांना चाली दिल्या. ती ‘विंटररायझ’ गीतमाला. एक माणूस रात्री प्रेयसीच्या घरापासून निघतो आणि बर्फातून चालत राहतो, एवढंच कथानक. मित्रांना ही गाणी फार उदास वाटली. त्यांच्यातल्या शोबरला एक ‘लिंडनचं झाड’ काय ते आवडलं. शेवटच्या गाण्यात गावाबाहेर एक म्हातारा अनवाणी उभा राहून हर्डीगर्डी हे वाद्य वाजवतो. त्याच्यापुढची थाळी रिकामी आहे. पियानोचा डावा हात अथपासून इतिपर्यंत तेच दोन स्वर धरून बसतो, तानपुऱ्यावरचे षड्ज-पंचम म्हणावेत तसे. सुरुवातीला पंचमाआधी तीव्र मध्यमाचा एक निसटता स्पर्श होतो. म्हाताऱ्याचं वाद्य नीट लागलेलं नाही हे तेवढ्यात कळतं. दुसऱ्या भागाची छापील प्रुफं शुबर्ट मरणशय्येवर तपासत होता. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

इंग्लंडमध्ये ख्रिस्तिना रोझेटीच्या हिवाळ्यातल्या नाताळच्या कवितेला होल्स्टने १९०६ मध्ये चाल दिली. बायबलमधल्या जन्मकथेत बर्फ नाही. रोझेटीने इंग्लंडचा हिवाळा बेथलेहेमला नेला. चाल इतकी साधी की कुठल्याही गावच्या चर्चमधल्या मंडळींना गाता यावी.

कॅनडातल्या क्वेबेकच्या जील विन्योने १९६४ मध्ये लिहिलेल्या ‘मों पेई’त बर्फाला खिडकीच्या काचेआड ठेवलेलं नाही. तिथे हिवाळा हाच देश आहे, वारा आणि हिमवादळ हीच घराची ओळख. सेंट लॉरेन्स आखाताच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नाताश्क्वान या दुर्गम गावी वाढलेल्या कवीला हे म्हणायचा हक्क होता. गाणं मोनिक लेराकने गाजवलं आणि क्वेबेकच्या राष्ट्रवाद्यांनी ते जवळजवळ राष्ट्रगीतासारखं मानलं. १९७६ मध्ये पॅट्सी गॅलंटने त्याच चालीवर इंग्रजी डिस्को गाणं केलं, न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस प्रसिद्धी मिळवण्याचं. ते जोरात खपलं. बर्फ त्यात औषधालाही नव्हता.

कळावे,
तुझा,
अण्णाकाका