ओट्यावरचा विसावा : जालना ते राजूर

वय वाढू लागले की माणूस प्रथम दूरचा प्रवास सोडतो, मग बाजार सोडतो आणि शेवटी अंगणही सोडतो. ‘आता मला कुठे जायचे आहे?’ असे घरातील ज्येष्ठ म्हणू लागले, तर त्याला लगेच होकार देऊ नका. त्या बोलण्यामागे गुडघ्यांच्या दुखण्याहून धास्तीच पुष्कळदा अधिक असते. वाटेत बसायला मिळेल ना, आपले ओझे कोणाला होणार नाही ना, ही ती धास्ती. ती दूर करणारी एक छोटी सहल आज आपल्याला सुचवायची आहे.

सहलीचा आरंभ जालन्यातून करावा. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण ऐकली असेल. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद अशी ही जुनी व्यापारी वस्ती. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण बाजारपेठ म्हणून त्याचा लौकिक त्याहून कितीतरी जुना आहे. मोटारीतून उतरण्याची घाई नको. पेठेतून सावकाश जाताना आजोबांना एवढेच विचारावे, ‘तुमच्या वेळी इथे काय होते?’ मग आपण वाटाडे राहत नाही, ते होतात. सकाळी घेतलेली गोळी ज्यांना आठवत नाही, त्यांनाही चाळीस वर्षांपूर्वी लग्नाचा बस्ता बांधलेले दुकान आठवू शकते. जुन्या आठवणी बहुधा उशिरा पुसट होतात आणि ओळखीची जागा, ओळखीचा वास त्यांना हाक मारतो. उत्तर चुकले तरी परीक्षा घेतल्यासारखे दुरुस्त करू नये.

मराठवाड्यातील जुन्या पेठांची घडण नीट पाहावी. जाड भिंतींची माळवदाची घरे, दारातून आत शिरताच सावलीची ढेलज आणि रस्त्याच्या बाजूस ओटा. पायी चालणाऱ्या माणसाच्या मापाने ही वस्ती उभी राहिली होती. बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाने चार घरे चालावे, ओट्यावर टेकावे, घोटभर पाणी मागावे, ख्यालीखुशाली विचारावी आणि पुढे निघावे. आज वैद्य सांगतात की थोडे चाला, थोडे थांबा, माणसांत मिसळा. त्या पेठेत हे पथ्य कोणी न सांगताच पाळले जाई.

जालन्याहून भोकरदनच्या वाटेवर सुमारे पंचवीस किलोमीटरवर राजूर लागते. महाराष्ट्रातील गणेशाच्या साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ, अशी भाविकांची श्रद्धा आहे. राजसदन क्षेत्र म्हणतात ते हेच. गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता येथे सांगितली, असे परंपरा मानते. गणेशपुराणातील ती कथा ज्येष्ठांच्या शेजारी बसून ऐकण्याजोगी आहे. जन्मलेल्या बालकाचे आगळे रूप पाहून राजाने त्याला रानात सोडून दिले. पुढे त्याच पुत्रापाशी तो पश्चात्तापाने आला आणि पुत्राने त्याला न झिडकारता ज्ञान दिले. आईवडिलांची शुश्रूषा करताना जुने रुसवे ज्यांच्या मनात अजून सलतात, त्यांना या कथेत आपले काही सापडेल.

मंदिर उंचावर आहे, म्हणून थोडी पूर्वतयारी हवी. अंगारकीला आणि संकष्टीला अपार गर्दी लोटते. ज्येष्ठांसह जायचे तर साधा दिवस आणि सकाळची वेळ निवडावी. मधुमेह असणाऱ्यांनी दर्शनापर्यंत उपाशी राहण्याचा हट्ट धरू नये. गोळ्या आणि खाणे वेळेवर घ्यावे. पायांना बधिरता असेल, तर तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि फोड येतात. म्हणून जाड मोजे जवळ ठेवावेत. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते. उतरताना एक हात कठड्यावर असावा आणि सोबत्याने एक पायरी खाली, बाजूला राहावे. बसून उठताच चालू लागू नये, क्षणभर उभे राहून तोल सावरावा. चढणे जमणार नसेल, तर खालूनच हात जोडावेत. त्यात कमीपणा काही नाही.

उत्साह उरला असेल, तर पुढे केळणा नदीकाठचे भोकरदन पाहावे. प्राचीन काळचे हे भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पॉम्पेई नगरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांना दिसते. आपल्या आजीचे माहेरगाव समजून ज्या गावाकडे आपण दुर्लक्ष करतो, त्याची नाळ अशी सातासमुद्रापार पोहोचलेली असू शकते.

परतताना मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. रस्ते रुंद होतात, दुकानांना लोखंडी शटर येतात, ओटे फोडले जातात किंवा त्यांवर माल रचला जातो. वाहनांची सोय होते हे खरे. पण टेकायची जागा गेली, की म्हातारे माणूस बाजारात यायचे थांबते आणि ते का थांबले, हे कोणी विचारीत नाही. घरात बसल्याने पाय आखडतात आणि पाय आखडले म्हणून ते घरातच बसते.

तेव्हा राजूरला अवश्य जा. परत आल्यावर आपल्या दारातला ओटा मोकळा करा; ओटा नसेल, तर एक बाकडे किंवा खुर्ची बाहेर ठेवा. दुकान असेल, तर शेजारी पाण्याचा तांब्याही असू द्या. कोणाच्या तरी आजोबांची पुढची चार घरांची वाट त्यामुळे चालून होईल.