ऐकावे जनाचे

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आजवर मला शहाणपणाची वाटत आली. हल्ली ती घशात अडकते. ऐकणं उंबऱ्याबाहेर, मन उंबऱ्याच्या आत, अशी तिने परस्पर वाटणी करून टाकली आहे. पण हा उंबरा नेमका कुठे?

तान्ह्या मुलाची बेरा ही श्रवणचाचणी करायची तर त्याला झोपवून आणा म्हणतात. ऐकू येतं का ते पाहायचं, आणि आधी झोपवायचं! जागं मूल हलतं, स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला झाकून टाकते. म्हणून झोपेतच कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड लावतात, कानात टकटक सोडतात. पुढच्या दहा मिलिसेकंदांत पाच-सात बारीक लाटा उमटतात. त्यातली पाचवी महत्त्वाची, मोठ्या माणसात ती सहाव्या मिलिसेकंदाच्या आसपास येते. तिची उंची एका मायक्रोव्होल्टहूनही कमी, त्यामुळे एका टकटकीला ती दिसतच नाही. तोच आवाज हजार-दोन हजार वेळा ऐकवून सरासरी काढावी लागते. तेव्हा कुठे मेंदूची स्वतःची गजबज विरते आणि लाट वर येते. तीही एवढंच सांगते, की आवाज मस्तिष्कस्तंभापर्यंत पोचला. पुढे त्याचं काय झालं, ते नाही.

म्हणजे जनाचं इथवर आलं, मनाचं इथून पुढे? तसंही नाही. फिनलंडचे रिस्टो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये माणसांना एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानात आवाजांची तीच ती रांग चालू होती. मध्येच एखादा वेगळा आला, की त्या दुर्लक्षित कानाच्या बाबतीतही मेंदू दखल घेत होता. कुणी न सांगता.

आमच्या आजोबांना ही म्हण तोंडपाठ होती. आजीने स्वयंपाकघरातून दहा हाका मारल्या तरी ओसरीवर पोचायच्या नाहीत. माजघरात काकांनी हलक्या आवाजात त्यांच्या पेन्शनचा विषय काढला, की ओसरीवरूनच उत्तर यायचं. सगळं घर त्याला ढोंग म्हणायचं. पण झोपेतसुद्धा मेंदू स्वतःच्या नावाला इतर नावांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो, हे १९६० पासून नोंदलेलं आहे. मग पेन्शन हे आजोबांचं दुसरं नावच असेल, तर त्यात ढोंग कसलं?

की गोष्ट त्याहून साधी होती? उतारवयात आधी बारीक, चढे स्वर जातात. आजीचा आवाज बारीक, काकांचा खर्जातला. तसं असेल तर मनाचा प्रश्नच नव्हता, कानाचा होता.

आणि दोन्ही खरं असेल तर? कमी ऐकू येणाऱ्याला न ऐकण्याची सोय हळूहळू आवडू लागते. उलट, ज्याला मुळातच न ऐकण्याची सवय आहे, त्याचा कान गेलाय हे त्याला फार उशिरा कळतं. घरच्यांना तर बहुधा कळतच नाही.